उपयोजित रंगभूमी कशी तपासावी? ‘सत्यशोधक’च्या निमित्ताने

१. प्रश्न कोणता?

‘ॲप्लाइड थिएटर’ म्हणजे उपयोजित रंगभूमी. एखाद्या समूहासोबत, त्याच्या प्रश्नांवर, बहुधा नेहमीच्या नाट्यगृहाबाहेर केलेले नाटक, अशी तिची ढोबळ व्याख्या करता येते. शाळा, तुरुंग, वस्ती, कामगार संघटना ही तिची ठिकाणे. परीक्षेत ही व्याख्या लिहून गुण मिळतात, पण एखादा प्रयोग जमला की फसला हे तिच्यावरून ठरत नाही. ‘संदेश चांगला होता’ एवढे म्हणणे ही समीक्षा नव्हे. म्हणून या पाठात एक कसोटी वापरून पाहू: ज्यांच्याविषयी नाटक आहे, त्यांच्या हाती त्या नाटकात काय आले?

२. मराठीतला जुना दाखला

ही कल्पना आपल्याकडे परदेशातून आली, असे समजू नका. जोतीराव फुले यांनी 1855 मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले. ग्रहदशेची भीती घालून एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडणारा जोशी त्यात आहे. मधूनमधून विदूषक बोलतो आणि प्रेक्षकाला गोष्टीत वाहून जाऊ देत नाही. शेवटी ते जोडपे शिकायचे ठरवते. नाटक संपल्यावर प्रेक्षकाने काय करावे, याचे उत्तर नाटकातच आहे: शाळेत जावे. दक्षिणा प्राइज कमिटीने मात्र हे नाटक स्वीकारले नाही.

३. ‘सत्यशोधक’ आणि पुण्याचे सफाई कामगार

गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे फुल्यांच्या जीवनकार्यावरचे नाटक. अतुल पेठे यांनी 2012 मध्ये ते रंगमंचावर आणले, तेव्हा सराव असलेल्या नटांबरोबर पुणे महानगरपालिकेचे सफाई कामगार त्यात उभे राहिले. त्यामागे कामगार युनियनचा पाठिंबा होता. सफाई कामगारांच्या जगण्यावर पेठ्यांनी आधी ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला होता. म्हणजे नाटकापुरती झालेली ही ओळख नव्हती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फुले स्वतः 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्याच शहराचा कचरा उचलणारी माणसे जेव्हा जातीविषयीचे त्यांचे विचार बोलतात, तेव्हा संहितेतला शब्दही न बदलता अर्थ बदलतो. एरवी इतिहासातले वाटणारे वाक्य चालू वर्तमानातले होते. या प्रयोगाचे बळ इथे आहे.

४. मर्यादा कुठे?

आता कसोटी लावू. ऑगुस्तो बोआल हा ब्राझीलचा रंगकर्मी 1973 मध्ये पेरूतल्या साक्षरता मोहिमेत काम करत होता. त्या काळच्या अनुभवांतून त्याचे ‘फोरम थिएटर’ आकाराला आले. त्यात प्रेक्षक नाटक थांबवतो, नटाच्या जागी स्वतः उभा राहतो आणि प्रसंगाला वेगळे वळण देऊन पाहतो. भारतात पश्चिम बंगालची ‘जन संस्कृती’ ही संस्था 1985 पासून काम करत आली आहे आणि बोआलची पद्धत तिने गावोगाव रुजवली.

या मापाने ‘सत्यशोधक’ अर्धेच उतरते. संहिता विद्वान नाटककाराची, दिग्दर्शन अनुभवी दिग्दर्शकाचे. प्रेक्षकाला मध्येच ‘थांबा’ म्हणायची सोय नाही. शिवाय अशा प्रयोगांना एक धोका कायम असतो. ‘सफाई कामगार असूनही किती छान काम करतात!’ या कौतुकात ‘असूनही’ हा शब्द घात करतो. नाटकाने ज्या उतरंडीवर बोट ठेवले, तीच टाळ्यांतून परत येते.

तरीही हे नाटक मला मोलाचे वाटते. बोआलच्या पद्धतीत लोक स्वतःचा प्रसंग बदलतात. इथे कामगारांनी स्वतःच्या दुःखाचे प्रदर्शन मांडले नाही, तर एका विचारपरंपरेवर हक्क सांगितला. वंचितांनी रंगमंचावर फक्त स्वतःची कहाणीच सांगावी, ही अपेक्षाही एक प्रकारचे बंधनच आहे.

५. तुमच्या कॅम्पसवर

मी बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात अभियांत्रिकी शिकवतो. आमच्याकडे फेस्ट आला की पथनाट्य स्पर्धा होते. एकसारखे कुर्ते, डफ, घोषणा, ठराविक मिनिटे आणि समोर परीक्षक. विषय पुष्कळदा स्वच्छतेचा. प्रयोग संपल्यावर मैदान झाडणाऱ्या हाउसकीपिंगच्या बायकांना मात्र या नाटकाविषयी कुणी विचारलेले नसते. रस्ते झाडणाऱ्यांना इथे पौरकार्मिक म्हणतात. त्यांच्यावरच्या नाटकात त्यांची कन्नड, तेलुगू किंवा तमिळ भाषा किती ऐकू येते?

अशी नाटके करू नका, असे मी म्हणत नाही. आवाज, लय, गट म्हणून काम करणे हे सगळे त्यातून शिकता येते. पण ती स्पर्धेची रंगभूमी आहे. बक्षीस मिळाले म्हणून ती उपयोजित होत नाही. त्यासाठी तालमीच्या आधी ऐकायला जावे लागते आणि प्रयोगानंतर थांबावे लागते.

६. स्वाध्याय

(अ) तुम्ही पाहिलेले एक पथनाट्य निवडा. विषय कोणी ठरवला, संहिता कोणी लिहिली, प्रेक्षक कोण होते आणि प्रयोगानंतर चर्चा झाली का, हे नोंदवा.

(आ) त्यातला एक प्रसंग असा पुन्हा लिहा, की प्रेक्षकाला तो थांबवून बदलता येईल.

(इ) ‘सत्यशोधक’ला उपयोजित रंगभूमी म्हणावे का? दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत द्या. माझ्याशी असहमत असाल, तर कारणे अधिक नेमकी लिहा.