प्रार्थनेतला ‘आम्ही’ कोण?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघा-तिघांनी मला विचारलं, की तुम्ही मराठी साहित्यातले, ख्रिस्ती लोकांच्या पर्यावरणाच्या प्रार्थनेवर तुम्ही काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. पण प्रार्थना हा शेवटी एक मजकूर असतो. कुणीतरी तो लिहितं, कुणीतरी मोठ्यानं वाचतं, आणि शे-दोनशे माणसं एका सुरात त्याला होकार देतात. अभंगांची, आरत्यांची समीक्षा आपण करतोच. मग याच मजकुराला का सोडायचं?

थोडी पार्श्वभूमी सांगतो, म्हणजे सगळे बरोबर येतील. 2015 साली पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे पृथ्वीच्या काळजीविषयीचं परिपत्रक आलं. त्याच्या शेवटी दोन प्रार्थना आहेत: एक निर्माता मानणाऱ्या सर्वांसाठी, दुसरी ख्रिस्ती लोकांसाठी. त्याच वर्षी त्यांनी 1 सप्टेंबर हा सृष्टीच्या काळजीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. ऑर्थोडॉक्स चर्चनं तो 1989 पासूनच धरला होता. आता 1 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंत, हा काळ जगभरातल्या अनेक चर्चमध्ये पाळतात. आपल्याकडे हे दिवस भाद्रपदाचे, परतीच्या पावसाचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अशाच एका सप्टेंबरात एका स्नेह्यानं मला पुण्यातल्या एका प्रार्थनासभेला नेलं. चर्चचं नाव सांगत नाही, त्याची गरज नाही. बाहेर पाऊस. हातात छापील कागद दिला. त्यावर सात विनंत्या होत्या आणि प्रत्येकीनंतर सगळ्यांनी ‘प्रभो, आमची प्रार्थना ऐक’ म्हणायचं. पहिली विनंती वितळणाऱ्या हिमनद्यांसाठी. दुसरी ॲमेझॉनच्या जंगलासाठी. मग महासागरातलं प्लास्टिक, मग नष्ट होणाऱ्या प्रजाती. ‘आम्ही आमच्या सामाईक घराची हानी केली आहे’ असं एक वाक्य होतं. मी मान खाली घालून वाचत होतो, पण मनात एकच. इथून दहा मिनिटांवर मुठा वाहते. नाल्यासारखी वाहते, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. तिचं नाव या कागदावर नाही.

कुणी म्हणेल, प्रार्थना वरून येते, रोमहून येते, तिथल्या माणसाला मुठा कशी ठाऊक असणार? इथेच गंमत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकानंतर, मिस्सा मराठीत आली आणि श्रद्धावंतांच्या विनंत्यांचा भागही नव्यानं रुजला. मिस्साचा बराचसा मजकूर ठरलेला असतो. या विनंत्या मात्र तिथल्या तिथे लिहायच्या असतात. गावची गरज, गावातले आजारी, गावातला दुष्काळ, सगळं त्यात यावं अशीच अपेक्षा आहे. थोडक्यात, जागा मोकळी ठेवली होती. ती हिमनद्यांनी आपणच भरली. दोष रोमचा नाही, आपल्या मराठीचा आहे.

आणि शब्द बघा. ‘पर्यावरण संवर्धन’, ‘शाश्वत जीवनशैली’, ‘जैवविविधता’. हे शब्द सरकारी परिपत्रकातून उठून थेट वेदीसमोर येऊन बसलेत. वास्तविक मराठी बायबलात यापेक्षा फार चांगले शब्द पडून आहेत. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो दोन कामांसाठी, मशागत आणि राखण. राखण! माळ्यावर बसून, गोफण हातात घेऊन, रात्र-रात्र जागून करतात ती. राखणीला शेत लागतं, अमुक एक शेत. राखणीला पाळी लागते, आज तुझी, उद्या माझी. सबंध पृथ्वीची राखण कुणी करू शकत नाही. आपल्या पुणे जिल्ह्यातच, केडगावला, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्यामागे, 1924 साली छापून पूर्ण झालं. साध्या बाईला कळावं हा त्यांचा हट्ट होता. आई-वडील दुष्काळात गमावलेली ही बाई, तिच्या मुक्ती सदनात प्रार्थनाही होती आणि शेती, विहिरीही होत्या. आजच्या विनंत्या लिहिणाऱ्यांनी केडगावची एक चक्कर मारायला हरकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, निसर्गाची प्रार्थना म्हटली की रेव्हरंड टिळक कसे विसरलात? विसरलो नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा घाट दिला, हे त्यांचं मोठं ऋण. फुलं, पाखरं, मुलं यांच्यावर त्यांच्याइतकं निर्मळ कुणी लिहिलं? पण त्यांची सृष्टी बहुतेक वेळा निरपराध असते, तिच्यात गुन्हेगार क्वचितच येतो. ‘केवढे हे क्रौर्य’ आठवा, आपण सगळ्यांनी शाळेत वाचली. जखमी पाखरू पिलांपाशी येऊन प्राण सोडतं. आपण रडतो पाखरासाठी, आणि मारणारा कवितेच्या बाहेरच राहतो. त्या काळाला ते पुरेसं होतं. आज पुरत नाही, कारण आज मारणारा आपल्याच बाकावर बसलेला असतो.

वसईत नेमकं हेच घडलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची हरित जमीन बांधकामाला खुली होऊ लागली. विहिरींचं पाणी टँकरनं बाहेर जाऊ लागलं, गोड्या विहिरी मचूळ व्हायला लागल्या. भातशेती, केळीच्या बागा, बावखलं, म्हणजे वाड्यांमधली ती पाणी धरून ठेवणारी तळी, सगळ्यांवर गदा आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. धर्मगुरू, लेखक, आणि हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्यातलं ठळक नाव. पुढे 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, 2024 मध्ये गेले.

दिब्रिटोंच्या निसर्गलेखनाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, ते सांगून टाकतो. ते जिथे पहाटेचा वारा आणि हिरवाई यांवर लिहितात तिथे गोडवा जरा जास्त होतो. जिथे टँकर येतो, विहीर येते, जमिनीचा भाव येतो, तिथे त्यांचं गद्य ताठ उभं राहतं. कारण सोपं आहे. वसईत पाणी विकणारा दूरचा कुणी राक्षस नव्हता. विहीर आपल्या माणसाची, जमीन आपल्या माणसाची. रविवारी मिस्साला येणाऱ्यांतही विकणारे होते, आणि धर्मगुरूला त्यांच्याच देखत बोलायचं होतं. तिथे ‘आम्ही पृथ्वीची हानी केली’ हे वाक्य म्हणणं सोपं नव्हतं, कारण ‘आम्ही’ला चेहरे होते. माझं म्हणणं एवढंच, की ही धार लेखात आली, मोर्चात आली, पण छापील प्रार्थनेत उतरली नाही.

दुसरं उदाहरण नगरचं, आता अहिल्यानगर म्हणायचं. फादर हर्मन बाखर हे स्विस येशूसंघीय. त्यांनी दुष्काळी गावांत पाणलोटाचं काम उभं केलं, आणि 1993 मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत ‘वॉटर’ ही संस्था सुरू केली. तिचं मुख्य कार्यालय आपल्या पुण्यातच आहे. या कामात गावाला पैसे मिळण्याआधी श्रमदान करून दाखवावं लागे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी कबूल करावी लागे. काम माथ्यापासून पायथ्याकडे, आधी डोंगर, मग शेत. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारखी गावं त्यातून उभी राहिली.

मी साहित्याचा माणूस, मला त्यात दिसतो तो ग्रामसभेचा ठराव. रूक्ष मजकूर असतो. अमुक डोंगरावर अमुक तारखेपासून गुरं सोडायची नाहीत, सोडली तर दंड इतका. पण वाचून बघा, त्यात जागेला नाव आहे, चुकीला नाव आहे, आणि ‘आम्ही’खाली सह्या-अंगठे आहेत. तो निर्दोष असतो असंही नाही. चराई बंद झाली की पहिला भार शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन घरांवर पडतो, आणि ‘आम्ही’ म्हणून अंगठा उठवताना त्या घरांना किती विचारलं जातं, हा प्रश्न राहतोच. पण निदान तो विचारता तरी येतो. हिमनदीच्या विनंतीला काय विचारणार?

एक आक्षेप मला माहीत आहे, कारण माझ्या त्या स्नेह्यानंच घेतला. तो म्हणाला, ‘अहो, प्रार्थना म्हणजे महापालिकेला द्यायचं निवेदन नव्हे. नावं घ्यायला लागलो तर चर्चमध्ये भांडणं लागतील.’ त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. देवाला तोंड करून शेजाऱ्याला टोमणा मारणं ही प्रार्थनेची जुनी खोड आहे, सगळ्या धर्मांत आहे. मी त्याला म्हटलं, टोमणा टळेल, जर नाव घेणाऱ्यानं पहिलं नाव स्वतःचं घेतलं तर. आणि असं होऊ शकतं हे मी त्याच सभेत पाहिलं.

सात विनंत्या झाल्यावर, ज्यांना स्वतःची विनंती करायची आहे त्यांनी करावी, असं सांगितलं गेलं. मागून एक बाई उठल्या. आंबिल ओढ्याकाठी राहणाऱ्या. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र पुणेकरांना आठवत असेल. कात्रजकडून पाणी आलं, आंबिल ओढा घरांत शिरला, सोसायटीची भिंत पडली, माणसं गेली. पेशवाईत ज्याचा प्रवाह वळवला आणि नंतर आपण सगळ्यांनी मिळून ज्याला अरुंद केलं, तोच हा ओढा. तारीख बघा, बरोबर या प्रार्थनेच्या काळातली. बाई म्हणाल्या, ‘देवा, परवा राती पाणी पायरीपर्यंत आलं. पोरं माळ्यावर निजली. ओढ्यात कचरा आम्हीबी टाकतो, आमचं चुकतंय. पण वरच्या अंगाला ज्यांनी भराव घातलाय, त्यांनाबी बुद्धी दे.’ क्षणभर कुणी ‘आमची प्रार्थना ऐक’ म्हणेचना. मग एका म्हाताऱ्यानं म्हटलं, आणि मग सगळ्यांनी.

मी त्या ‘आम्हीबी’वर अजून अडकलोय. सातही छापील विनंत्यांत मिळून जितका कबुलीजबाब नव्हता तितका त्या एका शब्दात होता. दोष आधी स्वतःकडे घेतला आणि मग वरच्या अंगाकडे बोट केलं. क्रम तिनं कुठे शिकलेला नव्हता.

यंदाचा कागद त्याच स्नेह्यानं मला शुद्धलेखन तपासायला पाठवला. ॲमेझॉन आहे, महासागर आहे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि पाचव्या विनंतीच्या समासात ‘आंबिल ओढा?’ असं पेन्सिलीनं लिहून परत दिला. अजून उत्तर आलेलं नाही. इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ, पंधरा-एक मिनिटं आहेत.