स्वगती अध्ययन आणि समकालिक अध्यापन : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक महाविद्यालयांनी वर्गाचे वेळापत्रक जसेच्या तसे पडद्यावर नेले. विद्यार्थ्याने आपल्या सवडीने शिकणे म्हणजे स्वगती अध्ययन आणि शिक्षक-विद्यार्थ्यांनी एकाच वेळी उपस्थित राहणे म्हणजे समकालिक अध्यापन होय. या दोहोंत समतोल असावा, याविषयी मतभेद नाहीत. मात्र समतोल नेमका कशाचा, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे.

धोरणातील मोजमाप :
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे २०२१ मधील मसुदा टिपणात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन व उर्वरित प्रत्यक्ष वर्गात शिकविण्याची कल्पना मांडली होती. हे प्रमाण माध्यमाचे आहे, अध्ययनकृतीचे नव्हे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वयम्’ची रचना दृक्श्राव्य पाठ, वाचनसाहित्य, स्वमूल्यमापन व चर्चा अशी चतुर्विध आहे. तीत पाठ सवडीने पाहता येतो. परंतु स्वाध्यायांना मुदत असते आणि परीक्षेची तारीख ठरलेली असते. म्हणजेच तेथील ‘स्वगती’ही मर्यादितच आहे.

स्थानिक वास्तव :
गंगाखेड, पालम, जिंतूर या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. त्याच काळात कापसाची वेचणीही सुरू असते. अशा घरातील विद्यार्थ्याला सकाळी अकराचे ऑनलाइन व्याख्यान निरुपयोगी ठरते. त्यामुळे ध्वनिचित्रमुद्रित पाठ हाच उपाय, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धसत्य आहे. घसाऱ्याची नोंद न समजलेला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी तोच पाठ तीनदा पाहू शकेल. तिन्ही वेळा स्पष्टीकरण मात्र तेच राहील. मुद्रित पाठ वेळेची अडचण दूर करतो, शंकेची नव्हे.

पूर्वानुभव :
१९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने स्वयंअध्ययन पुस्तके व अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रे यांची सांगड घातली. पुस्तकाने विषय उलगडावा व सत्रात अडचणी सुटाव्यात, हे या रचनेमागील तत्त्व आजही ग्राह्य आहे. सत्रात पुस्तकाचेच व्याख्यान झाले, तर ते तत्त्व निष्फळ ठरते. ऑनलाइन वर्गात हाच दोष अधिक ठळकपणे दिसतो.

निष्कर्ष :
समतोल तासांच्या टक्केवारीत नसून कार्यविभागणीत आहे. जे एकट्याने समजू शकते, ते छोट्या मुद्रित पाठांत द्यावे. समकालिक वेळ केवळ शंका, उदाहरणे व चर्चा यांसाठी राखावा. आठवड्यातून सायंकाळचा एक तास, तोही साध्या दूरध्वनीवरून सहभागी होता येईल असा असावा. स्वाध्यायांच्या मुदती हंगाम पाहून ठरवाव्यात. मुख्य म्हणजे, शंकानिरसनाचा हा तास प्राध्यापकांच्या कार्यभारात मोजला जावा. अन्यथा ‘स्वगती’ या आकर्षक संज्ञेखाली, ज्याला शिक्षकाची सर्वाधिक गरज आहे तोच विद्यार्थी एकटा पडेल.