समाजशास्त्राचें अध्ययन व तीन मराठी ग्रंथकार

विद्यापीठांत समाजशास्त्र हा विषय घेणाऱ्या मुलामुलींविषयीं आपल्या सुशिक्षित घरांत एक ठराविक समजूत आहे. शास्त्रशाखेस लागणारे गुण पडले नाहींत, अर्थशास्त्रांतलें गणित झेपेना, म्हणून हा ‘सोपा’ विषय पत्करला, असें वडील मंडळी बोलून दाखवितात. आणि परीक्षांचा एकंदर रागरंग पाहतां त्यांस सर्वस्वीं दोष देववत नाहीं. जातीच्या चार व्याख्या, कुटुंबाचे दोन प्रकार व पाश्चात्य पंडितांचीं पांच-सात नांवें पाठ करून पदवी मिळत असेल, तर विषय सोपाच म्हटला पाहिजे. आमच्या मतें मात्र इतका अवघड विषय विद्यापीठांत क्वचितच दुसरा असेल. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आपल्या आजीच्या आयुष्याची चिकित्सा करावी लागत नाहीं. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती करावी लागते.

हा अवघडपणा पाहण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा विभाग १९१९ सालीं निघाला व पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख झाले. त्यापूर्वींच्या दहा वर्षांत तीन मराठी माणसांनीं या विषयावर जें लिहिलें, तें आजच्या विद्यार्थ्यानें एकत्र ठेवून वाचण्यासारखें आहे: श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ (१९०९), त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ (१९१५), आणि भीमराव रामजी आंबेडकर यांचा भारतांतील जातींवरील इंग्रजी निबंध (१९१६).

केतकरांनीं आपला ग्रंथ अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत शिकत असतां सिद्ध केला. मनुस्मृतीला त्यांनीं साक्षीदार म्हणून उभें केलें आणि इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील समाजाविषयीं तिची उलटतपासणी केली. ज्या ग्रंथापुढें पिढ्यान् पिढ्या मान लवविली, किंवा ज्याला नुसत्या शिव्या दिल्या, त्याला शांतपणें प्रश्न विचारणें ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती. जातीचीं दोन लक्षणें त्यांनीं सांगितलीं: सभासदत्व केवळ जन्मानें मिळतें, आणि जातीबाहेर विवाहास बंदी असते. ग्रंथाची उणीव साक्षीदाराच्या निवडींतच आहे. स्मृतिकार लोक कसे वागत होते त्यापेक्षां ते कसे वागावे हेंच अधिक सांगतो.

ती उणीव आत्र्यांच्या पुस्तकानें भरून निघते. महसूल खात्याच्या नोकरीमुळें खेडें त्यांच्या पायांखालचें होतें. पाटील-कुळकर्णी, बलुतेदार-अलुतेदार, आणि वर्षभर गांवांत येऊन हात पसरणारे फिरस्ते, यांपैकीं कोण कुणब्याच्या खळ्यावरून काय घेऊन जातो याचा असा बारीक हिशेब मराठींत त्यापूर्वीं कोणीं मांडला नव्हता. वंशपरंपरेचें वतन हें सेवेची हमी न राहतां सेवा टाळण्याचें साधन कसें होतें, हें त्यांनीं उघड करून दाखविलें. परंतु पाहणारा शेवटीं सरकारी अधिकारी आहे, हें पुस्तक वाचतांना विसरतां येत नाहीं. घेणाऱ्याच्या पदरीं काय पडलें तें कळतें. तो मिळकतीकडे व स्वतःच्या जिण्याकडे कसा पाहत होता, तें फारसें कळत नाहीं.

आंबेडकरांचा निबंध न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत ९ मे १९१६ रोजीं प्रा. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गापुढें वाचला गेला. लेखक तेव्हां पंचवीस वर्षांचे होते. केतकरांच्या व्याख्येचा त्यांनीं आदरानें परामर्श घेतला व तिच्यांतील दोन लक्षणें एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असें दाखविलें. कारण बाहेर विवाहच बंद केला, कीं बाहेरचा माणूस आंत येण्याची वाटही बंद झाली. मग त्यांचा मुख्य प्रश्न येतो. जातींतच लग्नें करावयाचीं तर स्त्री-पुरुषांची संख्या सम राहिली पाहिजे. पति वारला तर एक स्त्री अधिक होते, पत्नी वारली तर एक पुरुष. त्या अधिक स्त्रीची वाट सतीनें किंवा सक्तीच्या वैधव्यानें लावली जाते, आणि विधुराला लहान मुलगी देऊन जातींत राखलें जातें. ज्या चालींची थोरवी पुराणांतून ऐकली, त्यांच्या मुळाशीं जातीचें गणित आहे, हा सिद्धांत आजही वाचकाला हलवून सोडतो.

तरी विद्यार्थ्यानें येथेंही मान डोलवून थांबूं नये. महाराष्ट्रांतील कित्येक जातींत विधवेचा पाट लागे, तोही बहुधा जातींतच, आणि म्हणून त्या जातींच्या भिंती कोसळल्या नाहींत. वरच्यांचें अनुकरण अंतराप्रमाणें कमी-अधिक झालें, असें निबंधकारांनीं याचें कारण दिलें आहे. परंतु जेथें अनुकरण झालें नाहीं तेथें तें गणित कसें सुटलें, याचा उलगडा तेवढ्यानें पुरा होत नाहीं. त्यासाठीं पुन्हां आत्र्यांच्या खेड्यांतच जावें लागतें.

ग्रंथ, गांव आणि युक्तिवाद यांची अशी परस्परांकडून तपासणी करविणें हें विद्यापीठाचें खरें काम होय. १९२४ पासून प्रा. घुर्ये यांच्या हाताखालीं मुंबईंत जे विद्यार्थी तयार झाले त्यांत इरावती कर्वे होत्या. १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत अध्यापन करूं लागल्या. १९५३ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं भारतांतील नात्यागोत्यांची व्यवस्था मांडली, आणि तिचें एक मोठें साधन घरोघरचे नात्याचे शब्दच होते. जुन्या मराठी घरांत सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणे. मुलगी आतेभावाला देण्याची चाल जेथें आहे तेथें सासू ही खरोखरच आत्या असते. चाल सुटली तरी तिची खूण शब्दांत राहते. रोज कानीं पडणारा शब्द हा पुरावा आहे हें ज्याला उमगलें, त्याचें शिक्षण सुरू झालें.

आणि कसोटी लागते ती येथूनच. आजीची आत्या बालविधवा होती, तिचें पुढें काय झालें? थोरल्या दादासाठीं स्थळें पाहतांना जातीचा रकाना आधीं कोणीं भरला? असे प्रश्न मुलगी जेवतांना विचारूं लागली, कीं घरांत शांतता पसरते. पालकांस आमची विनंति एवढीच आहे कीं, तिला उद्धट ठरवूं नये. फी भरून जें शिकावयास पाठविलें तेंच ती शिकत आहे. विद्यार्थ्यांसही सांगणें आहे: आपण न्यायाधीश नाहीं. आजीला दोषी ठरविण्यापूर्वीं तिला बोलूं द्यावें, आणि ती बोलेल तें तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें. आत्र्यांच्या हिशेबांत जें राहून गेलें तें असेंच मिळण्यासारखें आहे. आणि सांगणारीं माणसें फार काळ थांबणार नाहींत.