साभार पोच नको, अभिप्राय पाहिजे

गेल्या सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर मी माझ्या कवितांची पुस्तिका फुकट वाटली. ३२ पानं, ५०० प्रती, पैसा पदरचा. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात, त्यांच्या कडेला उभा राहिलो. रात्रभर रेल्वेत उभ्यानं आलेल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसांच्या हातात एकेक प्रत ठेवत गेलो. संध्याकाळी पिशवी रिकामी. छाती फुगली. वाटलं, ५०० वाचक झाले.

मागच्या पानावर माझा फोन नंबर छापला होता. चार महिन्यांत तीन फोन आले. पहिल्याला आणखी दहा प्रती पाहिजे होत्या, अर्थात फुकट. दुसरा म्हणाला, 'जयभीम, लय भारी लिवलंय,' आणि ठेवून दिला. तिसरा एका म्हातारीचा. जन्मभर दुसऱ्यांची धुणीभांडी केलेली बाई. नातवाकडून वाचून घेतलं म्हणाली. मग म्हणाली, 'बाबा, तुझ्या बुकातली आई नुस्ती रडतीय. माझी आई रडत न्हवती रं. पाटलाच्या दारात हुबी ऱ्हाऊन भांडत व्हती. ती कुठं गेली?'

मला राग आला. मी तिला 'दुःखाचा आविष्कार' वगैरे ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'आसंल बाबा.' रात्री पुस्तिका उघडली. सात कवितांत आई होती आणि सातही ठिकाणी डोळ्याला पदर होता. माझी स्वतःची आई तर रेशनच्या दुकानात असली भांडायची की दुकानदार मापात मारायला घाबरायचा. मग ही रडणारी आई मी आणली कुठून? दुसऱ्यांच्या पुस्तकांतून. फुकट.

५०० प्रती वाटल्या आणि वाचक मिळाला एक. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही, हिशेब म्हणून सांगतोय.

जो पुस्तक विकतो, त्याला गल्ला काहीतरी सांगतो. प्रती खपल्या की नाही, दुसरी आवृत्ती काढायची की नाही, हे पैशातनं कळतं. जो फुकट देतो त्याला काही म्हणजे काही कळत नाही. पुस्तक वाचलं, की पोराच्या दप्तराच्या तळाशी गेलं, की त्यात कुणी शेंगदाणे बांधले? वाचणाऱ्यानं तोंड उघडल्याशिवाय लिहिणारा आंधळाच. फुकटच्या पुस्तकाची किंमत एकच, वाचून सांगितलेला शब्द. तीही आपण बुडवतोय.

आता तर छापायचीही गरज नाही. पीडीएफ करायची आणि व्हॉट्सॲपच्या गटात सोडायची. दहा मिनिटांत खाली पंचवीस अंगठे. दोनशे पानं दहा मिनिटांत वाचली? आपल्या आज्याकडनं सावकारानं न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून घेतला, कारण त्याला अक्षर येत नव्हतं. आपल्याला येतं. तरी आपण न वाचता अंगठे उठवतोय.

कुणी म्हणेल, पेपरवाल्यांकडं पाठवा की. पाठवल्या. अभिप्रायार्थ दोन प्रती. त्यांनी काय केलं? 'साभार पोच' म्हणून एका ओळीत नाव टाकलं, तेही चुकवून. यात नवं काही नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नव्हती. त्यांच्या दारात किती वर्षं उभं राहायचं? आपल्या पुस्तकाबद्दल आपण बोललो नाही, तर कुणी बोलणार नाही. आणि ज्या पुस्तकाबद्दल कुणी बोलत नाही त्याचं काय होतं, ते ताराबाई शिंदेंना विचारा.

बुलढाण्याची बाई. मराठा घरातली, सत्यशोधकाची लेक. १८८२ साली तिनं 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ५०० प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. बायकांना नावं ठेवणाऱ्या पुरुषांना तिनं उभं-आडवं सोलून काढलं. लोकांनी टवाळी केली. तिच्या बाजूनं लेखणी उचलली ती जोतीरावांनी, १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात. पण एकट्या जोतीरावांचा आवाज पुरला नाही. ताराबाईचं दुसरं पुस्तक सापडत नाही. आणि हे पुस्तक लोकांसमोर पुन्हा आलं ते १९७५ साली, स. गं. मालशे यांनी छापलं तेव्हा. ९३ वर्षं गेली मधी. तेव्हा दहा जणींनी, दहा जणांनी वाचून लिहिलं असतं तर ती बाई दुसरं पुस्तक लिहायला बसली असती का? मला वाटतं, बसली असती.

आता दुसरी बाजू बघा. १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण वाचून त्यांची पाचावर धारण बसली. हे गाळा, ते बदला. बाबासाहेबांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. मग ते भाषण त्यांनी स्वखर्चानं पुस्तक करून बाहेर काढलं. इंग्रजी प्रती १५००, किंमत आठ आणे. दोन महिन्यांत संपल्या. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिलं. किंमत दोन आणे, निदान चार आणे करा, असाही सल्ला दिला आणि पुढं वर्णाची बाजू मांडली.

इथं थांबा आणि नीट बघा. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली. बाबासाहेबांनी गांधींची ती टीका पुस्तकातच छापली आणि तिच्यापुढं आपलं उत्तर छापलं. विरोधकाचा अभिप्राय त्यांनी लपवला नाही, पुस्तकाला शिवून टाकला. मंडळाच्या दबावाखाली स्वल्पविराम न बदलणारा माणूस वाचून केलेल्या टीकेला मात्र पानं देतो. दबाव वेगळा, अभिप्राय वेगळा. हा फरक आपल्याला कळला पाहिजे.

आपल्याकडं काय चालतं? लेखक आपल्या गटाचा असला की 'युगप्रवर्तक'. दुसऱ्या गटाचा असला की पुस्तक उघडायचंच नाही. याला समीक्षा म्हणत नाहीत, याला भाऊबंदकी म्हणतात. आणि तिसरी एक जात आहे: 'बिचाऱ्यानं फुकट दिलंय, वर दोष कुठं काढायचा?' का नाही काढायचा? ऐकीव गोष्ट, परंपरेची गोष्ट, गुरूची गोष्टसुद्धा तपासून घ्या असं तथागतानं कालामांना सांगितलं. मग माझ्या ३२ पानांना सवलत कशाला?

'आम्ही काय समीक्षक आहोत?' असं म्हणून पळू नका. म्हातारीला अक्षर येत नव्हतं. तिला तिची आई माहीत होती, तेवढ्यावर तिनं मला पकडलं. तुम्ही तर बी.ए., एम.ए. झालेले. मी तीनच गोष्टी मागतो. कुठल्या पानावर थांबलात ते सांगा. कुठं खोटं वाटलं ते सांगा. कुणाला वाचून दाखवलं आणि ते काय म्हणाले, ते सांगा. पोस्टकार्डावर लिहा, फोनवर बोला, विहारातल्या फळ्यावर खडूनं लिहा. लेखकाला राग येईल. येऊ द्या. मलाही आला होता.

माझ्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती तयार होतेय. सातांतल्या चार कविता काढून टाकल्या. एक नवी लिहिली, रेशनच्या दुकानातली. शेवटच्या पानावर म्हातारीचं बोलणं तिला विचारून, तिच्याच शब्दांत छापतोय. आधी 'नको रं, मला कोण वळखतंय' म्हणाली. मग म्हणाली, 'छाप. पर माजं नाव नको, आईचं टाक.'

तेवढं नाव मी टाकलंय. पुस्तिका याही वेळी फुकट आहे. फोन नंबर तोच आहे.

जयभीम.