‘यंत्राने केले’ : कर्ता, करण आणि उत्तरदायित्व

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्राविषयी अलीकडे मराठीत जे लेखन होत आहे, त्यात एका विशिष्ट वाक्यरचनेने मोठेच स्थान मिळविले आहे. ‘यंत्राने अर्ज फेटाळला’, ‘यंत्राने उमेदवार निवडला’, ‘यंत्राने चूक केली’ ही ती रचना होय. या वाक्यांच्या आधारावर यंत्रास नैतिक उत्तरदायित्व असते काय, असा प्रश्न उपस्थित करण्यात येतो आणि उत्तरासाठी पाश्चात्त्य तत्त्वज्ञांकडे धाव घेतली जाते. परंतु त्या वाक्यांतील ‘ने’ या प्रत्ययाची चौकशी करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. ती प्रथम केली असती तर पुष्कळसा वाद उद्भवलाच नसता, आणि जो उरला असता तो अधिक बिकट, म्हणूनच अधिक मोलाचा, ठरला असता.

‘रामाने सुरीने आंबा कापला’ या वाक्यात दोन्ही नामांस तृतीयेचा एकच प्रत्यय लागलेला आहे. परंतु राम हा कर्ता व सुरी हे करण, याविषयी कोणाचाही घोटाळा होत नाही. राम वगळून ‘सुरीने आंबा कापला’ असे म्हटले तरी वाक्य अपुरे वाटत नाही. कर्ता अध्याहृत राहतो इतकेच. ‘यंत्राने अर्ज फेटाळला’ हे वाक्य नेमके या जातीचे आहे. मात्र येथे अध्याहृत कर्त्याचा विसर पडतो व करण त्याच्या जागी जाऊन बसते. क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र तो कर्ता आणि तिच्या सिद्धीस जे सर्वाधिक साहाय्यभूत ते करण, असा विवेक पाणिनीने केला आहे. बोलणाऱ्याच्या विवक्षेनुसार पातेले अथवा सरपणही ‘शिजविते’ असे म्हणता येते, हे पुढील वैयाकरणांनी मान्य केले. ‘ही विळी छान चिरते’ असे आपल्या घरांतूनही म्हटले जाते. पण बोट कापले म्हणून विळीस कोणी जाब विचारीत नाही.

आता एक साधे उदाहरण घ्यावे. अहिल्यानगर शहराजवळ पुणे रस्त्यावर असलेले, रेणुकामातेच्या देवस्थानामुळे ख्यात झालेले केडगाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. दुसरे केडगाव पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात असून पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ते तेथील; १९२२ मध्ये रमाबाईंचे देहावसान झाले तेही तेथेच. शब्दांच्या साहचर्यावर विसंबून मजकूर रचणाऱ्या यंत्राकडून या दोन गावांची सरमिसळ होणे अगदी संभवनीय आहे. एखाद्या प्रबंधात मुक्ती मिशन अशा रीतीने अहिल्यानगरच्या शेजारी येऊन बसले आणि परीक्षकाने विचारताच ‘ते यंत्राने लिहिले’ असे सांगण्यात आले, तर त्या सांगण्याचे मोल काय? ही चूक माणसाकडूनही होऊ शकते. परंतु ज्याने ती केली त्यास ‘हे कशावरून?’ असे विचारता येते; त्याच्या नावास उणेपणा येतो; पुढील आवृत्तीत दुरुस्ती करण्याचे ओझे त्याच्यावर पडते. उत्तरदायित्व या शब्दाचा अर्थ उत्तर देण्याचे दायित्व असाच आहे. यंत्रही विचारल्यास उत्तर देते, इतकेच नव्हे तर मोठ्या अदबीने क्षमाही मागते. परंतु त्या क्षमायाचनेत त्याचे काहीही पणास लागलेले नसते.

न्यायव्यवहारात हा प्रश्न प्रत्यक्ष आला आहे. प्राप्तिकर आकारणीच्या एका आदेशात ज्या न्यायनिर्णयांचा आधार घेण्यात आला होता, ते अस्तित्वातच नसल्याचे आढळल्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला आणि प्रकरण फेरविचारार्थ परत पाठविले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्रणेने पुढे केलेल्या फलितांवर भिस्त ठेवण्याकडे कल असतो. परंतु न्यायसदृश अधिकार चालविणाऱ्याने त्यांवर अंधपणे विसंबू नये, पडताळा घेऊनच ती उपयोगात आणावीत, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. यंत्र दोषी की निर्दोष, या वादात न्यायालय शिरले नाही. पडताळा घेणे ज्याचे काम होते, त्याच्याकडेच त्याने बोट दाखविले.

याविरुद्ध एक सबळ आक्षेप आहे. आंद्रेआस मथायस यांनी २००४ मध्ये असे प्रतिपादन केले की, अनुभवातून स्वतः शिकणाऱ्या यंत्राचे वर्तन त्याच्या निर्मात्यासही आधी सांगता येत नाही. सबब त्यास दोष देणे अन्यायाचे होते, यंत्रास देणे निरर्थक ठरते, आणि मध्ये उत्तरदायित्वाची पोकळी पडते. युद्धातील स्वयंचलित शस्त्रांविषयी रॉबर्ट स्पॅरो यांनी २००७ मध्ये हाच मुद्दा अधिक तीव्रतेने मांडला. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र ज्या अहिल्यानगरात आहे, तेथे तरी हा प्रश्न दूरचा मानता येणार नाही. शस्त्राच्या वापराचे उत्तरदायित्व माणसाकडेच राहिले पाहिजे, ते यंत्राकडे सोपविता येत नाही, हे तत्त्व २०१९ मध्ये जिनिव्हा येथील वाटाघाटींत भारतासह सर्व सदस्य राष्ट्रांनी स्वीकारले. डिसेंबर २०२३ मध्ये याच विषयावरील ठरावास संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ राष्ट्रांनी अनुकूल मत दिले. विरोधी मत देणाऱ्या चार राष्ट्रांत भारत होता. त्याचा आक्षेप प्रामुख्याने चर्चेच्या व्यासपीठासंबंधी होता. तत्त्व सर्वांना मान्य असूनही ते कोठे व कसे बांधून घ्यावयाचे, यावर एकमत होत नाही.

मथायस यांच्या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे : कृतीस एकच कारण असावे आणि ते कर्त्याच्या पूर्ण ताब्यात असावे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची कारणे पाच सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा व दैव. केडगावच्याच जिल्ह्यात, नेवासे येथे, शके १२१२ मध्ये रचल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत त्यांचे विस्तृत विवरण आहे. त्या विवरणाचे प्रयोजन अहंकाराचा निरास हे आहे, हे विसरून त्यात आधुनिक कायदा शोधणे हास्यास्पद ठरेल. तथापि एक गोष्ट तेथून घेता येते. अनिश्चिततेस या विश्लेषणात प्रथमपासूनच जागा आहे, आणि तिच्यामुळे कर्त्याचे स्थान रिकामे होत नाही. यंत्र अनपेक्षित वागेल हे ज्ञात असताना जो ते कामास लावतो, त्यास ‘मला कल्पना नव्हती’ असे कसे म्हणता येईल? मोकाट वळूच्या धन्यासही ती सबब मिळत नाही.

जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीतील यंत्रमानव स्वतःच्या प्रतिकृती निर्माण करू पाहतो. कादंबरीचा धाक त्या इच्छेवर उभा आहे. इच्छा आली की करणाचा कर्ता होतो. टिळकांनी ‘गीतारहस्या’त व्यवसायात्मक व वासनात्मक बुद्धी असा भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. आजच्या यंत्रांत निवड करण्याचे सामर्थ्य थक्क करणारे आहे, पण वासना आढळत नाही. आणि ‘बुद्धिमत्ता’ हा मराठी पर्याय हा भेद पुसून टाकतो. नारळीकरांचे भय उद्याचे असेल. आजचे भय त्याहून सामान्य, कचेरीतले आहे.

कारण खरी अडचण पुढेच आहे. दिवसाकाठी शेकडो प्रकरणे निकालात काढण्याची सक्ती असलेला कनिष्ठ अधिकारी यंत्राच्या शिफारशीवर स्वाक्षरी करतो, तेव्हा तो पाणिनीच्या अर्थाने कितपत ‘स्वतंत्र’ असतो? सर्व दोष त्याच्या माथी मारणे हे यंत्रास दोष देण्याइतकेच सोयीचे आहे. पाणिनीने कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्यासही कर्ता म्हटले आहे, आणि मराठीत त्यासाठी प्रयोजक क्रियापद सिद्धच आहे. तेव्हा पूर्ण वाक्य असे व्हावयास हवे : अमुक संस्थेने, अमुक अधिकाऱ्याकडून, अमुक यंत्राच्या साहाय्याने, हा अर्ज फेटाळविला. वाक्य लांबलचक व बोजड आहे खरे, आणि कोणतेही कार्यालय ते आपण होऊन अर्जदारास लिहून देणार नाही.