पत्त्यांची वही आणि ‘क्ष’ची जागा

वर्गशिक्षकाच्या खणात पालकांच्या पत्त्यांची एक वही असते. ती हरवली तर पंचाईत होते, पण ती वाचायला यंत्र लागत नाही. हीच यादी मोबाईलमध्ये गेली की सोय वाढते. मात्र ती कोठे आणि कोणत्या रूपात साठवली आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच सांगता येईल. या दोहोंच्या मध्ये बसणारी एक संगणकीय आज्ञावली आम्ही येथे तपासत आहोत.

इंग्रजी ‘बुक’ या शब्दाआधी ‘ए’ हे एकच अक्षर लावले की तिचे नाव होते. याक्को हाइनोनेन यांनी लिहिलेली ही आज्ञावली मुक्त परवान्याखाली मिळते. ‘मट’ या ई-टपालाच्या आज्ञावलीला जोड म्हणून ती प्रामुख्याने वापरली जाते. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये तिचे नाव टंकले की पडद्यावर यादी येते. चित्रे नाहीत, माऊसची गरज नाही. नवी नोंद, दुरुस्ती, शोध, सारे कळफलकावरून होते. यादी न उघडता एका ओळीच्या आज्ञेने ई-टपालाचा पत्ताही काढता येतो.

तिचा मोठा गुण म्हणजे सारी माहिती एका साध्या मजकूर-फाईलमध्ये राहते. चौकटी कंसात नोंदीचा क्रमांक आणि त्याखाली नाव, फोन, गाव अशी एकेक ओळ. उद्या ही आज्ञावली नाहीशी झाली तरी वही शाबूत राहील. शिवाय ‘व्हीकार्ड’ या रूपातली यादी तिला वाचता आणि लिहिता येते. 1990च्या दशकात आलेल्या या रूपाची चौथी आवृत्ती 2011 साली प्रमाणित झाली. मोबाईलमधून बाहेर काढलेली यादी बहुधा याच रूपात मिळते.

आता उणिवा. पहिली एकट्या या आज्ञावलीची नाही, पण अशा साध्या फाईलमुळे ती उघडी पडते. आपण मुळाक्षरांत ‘क्ष’ शेवटी शिकवतो. युनिकोडमध्ये मात्र ‘क्ष’ हे स्वतंत्र अक्षर नाही. क, हलन्ताची खूण आणि ष अशी ती तीन चिन्हे आहेत. केवळ संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली, तर ‘क्षीरसागर’ हे नाव ‘कौशिक’नंतर आणि ‘खरे’च्या आधी येते. ‘कऱ्हाडे’ची गोष्ट आणखी अवघड आहे. त्यातला अर्धा ‘र’ दोन वेगळ्या प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो, पण चिन्हे वेगळी असतात. त्यामुळे चिन्हागणिक तुलना करणाऱ्या शोधाला एका प्रकारे लिहिलेले नाव दुसऱ्या प्रकारे सापडत नाही. हजेरीत असलेला मुलगा यादीत ‘नाही’ ठरतो!

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. साधी फाईल जशी आपल्याला वाचता येते, तशी त्याच खात्यातून संगणक वापरणाऱ्या कोणालाही वाचता येते. तिला कुलूप नाही. पालकांनी क्रमांक दिले ते विश्वासाने. शाळेच्या सामाईक संगणकावर ही वही अशीच ठेवणे आम्हाला मान्य नाही. स्वतंत्र खाते आणि फाईल सांकेतिक रूपात बंद ठेवण्याची सोय असेल, तरच ती तेथे ठेवावी.

‘खार्ड’ ही याच जातीची दुसरी आज्ञावली प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळी व्हीकार्ड फाईल ठेवते. यादी मोबाईलशी जुळती ठेवायची असेल तर ती बरी. एका नजरेत फाईल समजून घ्यायची असेल तर पहिलीच बरी.

म्हणून आमचे मत असे : कार्यालयीन कामासाठी ‘ए-बुक’ जपून वापरावी, वर्गात मात्र निःशंकपणे. विद्यार्थ्यांना वीस काल्पनिक नावे द्यावीत. यादी आधी हाताने लावायला सांगावी, मग संगणकाकडून संकेतांकांच्या क्रमाने लावून घ्यावी. दोन याद्या जेथे जुळणार नाहीत, तेथे धडा सुरू होतो. संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.