निष्पत्ती कोणाची मोजावयाची?

मूत्रपिंडातील मूत्र गोळा करणारा नरसाळ्यासारखा भाग आणि तेथून मूत्राशयापर्यंत जाणारी मूत्रवाहिनी यांच्या अस्तरात उद्भवणारा कर्करोग विरळ आहे. मूत्रमार्गाच्या अस्तराच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण ५ ते १० टक्के मानले जाते. रोग उग्र असल्यास मूत्रपिंड, संपूर्ण मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयास मिळते तेथील कडा काढून टाकणे, ही मान्य शस्त्रक्रिया होय. ती उघडी करावी की दुर्बिणीने, या वादास संशोधनपर लेखनात मोठे स्थान मिळते. परंतु निष्पत्ती मोजली ती कोणाची, हा त्याहून मूलगामी प्रश्न बहुधा उपेक्षित राहतो.

शस्त्रक्रिया हा या उपचाराचा केवळ पूर्वार्ध आहे. पुढे मूत्राशयात रोग पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून कित्येक वर्षे ठराविक काळाने दुर्बिणीने तपासणी करावी लागते. शस्त्रक्रियेनंतर मूत्राशयात मायटोमायसिनची एकच मात्रा दिल्यास पहिल्या वर्षातील हे प्रमाण २७ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर येते, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत आढळले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत २६१ रुग्ण होते. तीत शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी घेतलेल्यांपैकी तीन वर्षे रोगमुक्त राहिलेल्यांचे अनुमानित प्रमाण ७१ टक्के, तर न घेतलेल्यांत ४६ टक्के ठरले. रुग्णांचा नेटाने पाठपुरावा झाला, म्हणूनच हे आकडे हाती आले.

आता पेण तालुक्यातील जिते गावचा एखादा रुग्ण कल्पनेत आणावा. प्रत्येक तपासणीसाठी परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे, शिवाय सोबतीच्या माणसाचाही खोळंबा. बरे वाटू लागले की तो येत नाही. अंथरुणास खिळला तरीही येत नाही. कॅप्लन व मायर यांच्या १९५८ सालच्या पद्धतीत अशा रुग्णाची गणना शेवटच्या भेटीपर्यंतच होते. न आलेल्यांची गती आलेल्यांसारखीच असते, हे त्या पद्धतीचे गृहीतक आहे. आमचा आक्षेप पद्धतीवर नाही. गृहीतक न तपासता ती वापरण्यावर आहे.

उदाहरणादाखल १०० रुग्ण घेऊ. तीन वर्षांनंतर ४० हयात असल्याचे कळले, २० मृत झाल्याचे कळले आणि ४० जणांचा पत्ताच नाही. माहिती असलेल्या ६० जणांवरून हयातीचे प्रमाण सुमारे ६७ टक्के दिसेल. पण ते बेपत्ता ४० जण सर्व मृत असल्यास ते ४० टक्के, आणि सर्व हयात असल्यास ८० टक्के होते. एवढ्या अंतरात दोन शस्त्रक्रियांमधील सूक्ष्म भेद सहज बुडून जातो.

यावरील उपाय महाराष्ट्रास अपरिचित नाही. बार्शी येथे १९८७ साली सुरू झालेल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने रुग्ण येण्याची वाट न पाहता गावोगावी जाऊन माहिती मिळविण्याचा मार्ग पत्करला. तोच मार्ग शस्त्रक्रियेच्या अभ्यासकांनीही अनुसरावा. निदान प्रत्येक प्रबंधात न परतलेल्यांची संख्या आणि वरीलप्रमाणे दोन्ही टोकांचे हिशेब दिलेच पाहिजेत. त्यावाचून केलेला निष्पत्तीचा दावा हा शस्त्रक्रियेपेक्षा रुग्णाच्या प्रवासाचाच हिशेब ठरण्याचा संभव आहे.